आधी ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ ही ओळ खोडा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागात शेतजमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो. ‘भूमी’ योजनेत कर्नाटकातल्या जमिनीच्या नोंदी संगणकावर चढल्या, तेव्हापासून कागद हातात पडणं सोपं झालं. वाचणं मात्र होतं तसंच राहिलं. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला त्या कागदावर आपल्या आजोबांचं नाव कुठल्या ओळीत आहे हे दुसऱ्याला विचारावं लागतं. यातलं राजकारण इथे सगळ्यांना पाठ आहे. मी ते पुन्हा उगाळणार नाही. माझा विषय त्यापुढचा आहे. ही अडचण थोडी कमी करणारं सॉफ्टवेअर कुणी लिहिलंच, तर ते लोकांच्या संगणकापर्यंत रीतसर पोचतं कसं?

समजा, खानापूरची एक मुलगी बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिने प्रोजेक्ट म्हणून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला: कन्नड मजकूर घ्यायचा आणि देवनागरीत उतरवायचा. भाषांतर नाही, फक्त लिपी बदलायची. नावं, गावं, शेताचं नाव एवढं वाचता आलं तरी निम्मं काम होतं. प्रोग्रामचं नाव धरू ‘लिपीफेर’.

वरवर पाहिलं तर हे एका वजाबाकीचं काम आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. भारतीय लिप्या मांडताना युनिकोडने ‘इस्की’ या भारतीय प्रमाणाचा आराखडा घेतला, त्यामुळे कन्नडचा ‘क’ त्याच्या कप्प्यात ज्या जागी बसतो, देवनागरीचा ‘क’ही आपल्या कप्प्यात त्याच जागी बसतो. दोन कप्प्यांमधलं अंतर ८९६. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की देवनागरी अक्षर हजर. आपला ‘ळ’सुद्धा न चुकता ‘ळ’वरच येतो.

खरी गंमत आडनावं वाचायला घेतली की सुरू होते. कन्नडमध्ये ‘पाटील’ लिहिताना पुष्कळदा शेवटच्या अक्षराचा पाय मोडतात, म्हणून नुसत्या वजाबाकीतून ‘पाटील्’ बाहेर पडतं. कन्नडला ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ आहेत, दोन ‘ओ’ आहेत. ऱ्हस्व ‘ए’ देवनागरीत ‘ऎ’ होऊन येतो आणि मराठी वाचणारा त्या चिन्हाकडे बघत बसतो. ‘कुऱ्हाडे’ तर हमखास ‘कुर्हाडे’ होऊन बसतात, कारण तो आडवा ऱ्‍ कन्नड लेखनात वेगळा दाखवलेलाच नसतो. ‘लिपीफेर’मध्ये या तिन्हींची दुरुस्ती करणारे नियम आहेत. वजाबाकी कुणीही करेल, प्रोग्रामची किंमत या नियमांत आहे.

प्रोजेक्ट सादर झाला, मार्क पडले, बाइंडिंग केलेली प्रत विभागाच्या कपाटात गेली. आपल्याकडच्या बहुतेक प्रोजेक्टांची गोष्ट इथेच संपते. या मुलीला मात्र वाटतं, की कुणीही उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर एक कमांड द्यावी आणि ‘लिपीफेर’ बसावं.

दोन तऱ्हेच्या याद्या

आपण कमांड देऊन एखादा प्रोग्राम बसवतो तेव्हा संगणक इंटरनेटवर मोकाट शोधत फिरत नाही. तो एका ठरावीक यादीकडे जातो. त्या यादीत प्रत्येक पॅकेजचं (म्हणजे बसवायला बांधून दिलेल्या प्रोग्रामचं) नाव, व्हर्जन, ते चालायला आणखी कोणती पॅकेजं लागतात, फाईल किती मोठी आणि तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला, फाईल जराही बदलली की बदलणारा आकडा) काय, हे सगळं नोंदवलेलं असतं. डेबियनसारख्या यादीवर डिजिटल सहीही असते. तिथे सही जुळली, हॅश जुळला, तरच फाईल बसते.

अशा याद्या दोन तऱ्हेच्या. दूध ओळखीच्या घरी नेऊन घातलं तर कुणी मोजमाप करत नाही. डेअरीत घालायचं तर आधी फॅट लागतं. पायथनची पायपीआय आणि जावास्क्रिप्टची एनपीएम या पहिल्या तऱ्हेच्या. खातं काढा, नाव मोकळं असेल तर घ्या, अपलोड करा. पाच मिनिटांत जगात कुणीही ते उतरवून घेऊ शकतो. अपलोड करण्यापूर्वी कुणी माणूस तुमचा कोड वाचत नाही. डेबियन (उबुंटू ज्याच्यावर उभं आहे ते लिनक्स), एफ-ड्रॉइड (अँड्रॉइड अॅपांसाठी), फ्लॅटहब (लिनक्सच्या अॅपांसाठी) या दुसऱ्या तऱ्हेच्या. तिथे कुणीतरी बसून तपासतं, प्रश्न विचारतं, परत पाठवतं.

पायपीआयबद्दल दोन-तीन गोष्टी सांगून पुढे जातो, कारण तिथे समजावण्यासारखं फार नाही. २०२४ पासून दुहेरी पडताळणीशिवाय तिथे अपलोड करता येत नाही. ‘टेस्ट पायपीआय’ नावाची वेगळी सरावाची जागा आहे, पहिले प्रयोग तिथेच करा. एकदा चढवलेली फाईल काढून टाकली तरी त्याच नावाची, त्याच व्हर्जनची फाईल पुन्हा चढवता येत नाही. चूक सापडली तर पुढचा आकडा घ्यायचा.

मग तेवढ्यावर का थांबायचं नाही? कारण २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून, आणि त्याच सुमाराच्या उबुंटूपासून, पायथनचं पॅकेज थेट सिस्टिममध्ये बसवायला गेलं की पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम, नकार देतो. ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ अशा अर्थाचा लांबलचक संदेश येतो. विकसकाला त्यातून वाट काढता येते. तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवणारा मुलगा तिथेच हात टेकतो. डेबियनच्या यादीत पॅकेज असेल तर त्याचं काम एका ओळीत होतं. शिवाय उबुंटू आपली बरीच पॅकेजं डेबियनकडूनच घेतं आणि लिनक्स मिंट उबुंटूवर उभं आहे, म्हणजे एका दारातून आत गेलं की तीन घरांत पोचतं. म्हणून इथे डेबियनची वाट सविस्तर सांगतो. बाकीच्या याद्यांचे नियम वेगळे असले तरी तिथे विचारले जाणारे प्रश्न साधारण हेच असतात.

मुळात नवीन पॅकेज हवं का?

हा प्रश्न तपासणारे सगळ्यात आधी विचारतात, म्हणून आपणच स्वतःला विचारलेला बरा. भारतीय लिप्यांची अदलाबदल करणारी सॉफ्टवेअर आधीपासून आहेत. ‘अक्षरमुख’ आहे, ‘इंडिक ट्रान्सलिटरेशन’ नावाचं पायथनचं पॅकेज आहे. ‘लिपीफेर’चं वेगळेपण मराठी आडनावांच्या नियमांत असेल, तर तेवढे नियम या जुन्या प्रोग्रामांना देता येतील का ते आधी पाहावं. माझं मत विचाराल तर दहातल्या बऱ्याच वेळा हाच मार्ग चांगला. स्वतःच्या नावाचं पॅकेज दिसणार नाही, बायोडेटात एक ओळ कमी होईल. पण नियम आधीच चालू असलेल्या, वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच पोचतील. मॅकवरची होमब्रू ही यादी तर ज्याला अजून कुणी वापरत नाही असं सॉफ्टवेअर घेतच नाही, आणि लेखकाने स्वतःच अर्ज केला तर ही अट आणखी कडक होते.

तरीही स्वतंत्र पॅकेजला कारण असू शकतं. समजा ‘लिपीफेर’ उताऱ्याच्या छापील मांडणीतून रकाने वेगळे करून दाखवतं, जे सर्वसाधारण लिपी-बदल प्रोग्राम करणार नाही. मग ते कारण दोन वाक्यांत लिहून ठेवावं. ती दोन वाक्यं पुढे वर्णनात, अर्जात, सगळीकडे लागतात.

नावाचंही इथेच उरकून टाकतो. डेबियनच्या पॅकेजनावात रोमन लिपीतली लहान अक्षरं, आकडे आणि अधिक, उणे, टिंब एवढंच चालतं. देवनागरीत नाव देता येत नाही. म्हणून ‘लिपीफेर’चं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि पायपीआय, गिटहब (कोड ठेवायची वेबसाइट), डेबियन तिन्हीकडे तेच ठेवा. नावाला ‘पाटील-टूल’ किंवा ‘माय-प्रोजेक्ट-फायनल’ असलं काही नको.

लायसन्स: इथेच गाडी अडते

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं, तपासणारे कोड किती हुशारीने लिहिलाय ते पाहत असतील. पहिल्या फेरीत ते त्याकडे फारसं बघतही नाहीत. ते बघतात, की ही प्रत्येक फाईल कुणाची आहे आणि ती वाटण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’ धरला जातो. कथा-कादंबरीसारखंच, लिहिल्या क्षणापासून त्यावर लेखकाचा हक्क असतो, नोंदणी लागत नाही. याचा उलटा अर्थ असा, की गिटहबवर कोड उघडा टाकला पण लायसन्सची फाईल ठेवली नाही, तर तो ‘ओपन’ होत नाही. लोकांना तो दिसतो, वाटता येत नाही. कितीतरी चांगले प्रोग्राम एवढ्या एका फाईलअभावी कुठल्याच यादीत जात नाहीत.

फाईल ठेवली तरी तिच्यात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. आपल्या कॉलेजांमध्ये प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ असं छापायची पद्धत आहे. विद्यार्थी काढायला जातो तर गाईड म्हणतात, “असू दे की, काय बिघडतंय?” सर, सगळंच बिघडतं. डेबियनची मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वं १९९७ पासून आहेत आणि त्यात स्पष्ट आहे: कोणत्याही क्षेत्रातल्या वापरावर बंदी घालता येणार नाही. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट चांगल्या मनाने घातलेली असते, पण त्या अटीनुसार उताऱ्याची प्रत काढून देऊन दहा रुपये घेणारा दुकानदारही बाद होतो. तो तर आपला खरा वापरकर्ता! अशी अट असलेलं पॅकेज डेबियनच्या मुख्य विभागात बसत नाही.

म्हणून स्वतः लायसन्स रचायला जाऊ नका. एमआयटी, अपाची २.०, जीपीएलचं तिसरं व्हर्जन, यांतलं एक निवडा आणि त्याचा मजकूर काना-मात्रा न बदलता ठेवा. एमआयटीत कुणीही काहीही करो, फक्त तुमचं नाव आणि लायसन्सचा मजकूर सोबत राहिला पाहिजे. जीपीएलमध्ये जो बदल करून पुढे वाटेल त्याने आपला बदललेला सोर्सही (मूळ कोड) द्यायचा. सरकारी कागद वाचणाऱ्या साधनाला मी जीपीएल सुचवेन. उद्या कुणी त्यात चार बदल करून बंद डब्यात विकू नये. पण हे लेखकाने ठरवायचं.

हक्क नेमका कुणाचा, हेही पाहावं लागतं. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामावर, वेगळा करार नसेल तर, कायद्याने पहिला हक्क मालकाचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दिवसा काम करून तिथल्याच गरजेसाठी काही लिहिलं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. दोघांनी मिळून प्रोजेक्ट केला असेल तर दोघांचा होकार लागतो. चौघांच्या ग्रुपमधला एकजण नोकरीला परदेशी गेला आणि उत्तर देत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. मार्क पडायच्या आधीच चौघांच्या सह्या घेऊन ठेवायला हरकत काय?

कोडखेरीज इतर फाईलींकडे लोक बघत नाहीत आणि अडकतात तिथेच. ‘लिपीफेर’सोबत मराठी आडनावांची एक यादी जाते. ती कुठून आली? कुणाच्या छापील डिरेक्टरीतून टाइप केली असेल तर प्रश्न. मतदार यादीतून उचलली असेल तर आणखी वेगळा प्रश्न. चाचणीसाठी म्हणून फाईलींमध्ये शेजाऱ्याचा खराखुरा उतारा टाकला असेल, तर त्यात त्याचं नाव, सर्व्हे नंबर, कर्जाची नोंद सगळं जगासमोर गेलं. आणि गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात) एकदा गेलेली फाईल नंतर पुसली तरी जुन्या इतिहासात राहते. चाचणीचे उतारे बनावट नावांनी स्वतः तयार करावेत. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

फॉन्टचंही तसंच. बेळगावातल्या डीटीपीवाल्यांकडे लग्नपत्रिकांसाठी श्रीलिपीचे फॉन्ट असतात, दिसायला छान. पण ते विकत घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, आपल्या पॅकेजमध्ये कोंबून वाटता येत नाही. लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. तेसुद्धा पॅकेजमध्ये कॉपी करायचे नाहीत. डेबियनमध्ये त्यांची वेगळी पॅकेजं आहेतच, ‘मला ते पॅकेज लागतं’ एवढं लिहायचं.

इंटरनेट बंद करून बिल्ड करून बघा

लायसन्सनंतरचा प्रश्न: दिलेल्या सोर्समधून हा प्रोग्राम कुणालाही, कधीही, तसाच पुन्हा तयार करता येईल का? डेबियनच्या बिल्ड यंत्रणेत पॅकेज एका कोऱ्या वातावरणात तयार होतं. त्यात अगदी मूळ पॅकेजं आणि तुम्ही यादीत लिहून दिलेल्या गोष्टी एवढंच असतं. बिल्डच्या वेळी नेटवरून काही उतरवायला परवानगी नाही. तुमच्या लॅपटॉपवर ‘चालतंय की’ म्हणणारा प्रोग्राम तिथे पडतो, कारण लॅपटॉपवर वर्षभरात काय काय बसवलंय हे तुम्हालाही आठवत नसतं.

‘लिपीफेर’ स्कॅन केलेल्या कागदावरून अक्षरं ओळखणार असेल आणि पहिल्यांदा सुरू होताना कुठल्यातरी ड्राइव्हवरून मॉडेल ओढत असेल, तर ते मॉडेल कशावर घडवलं, त्याचं लायसन्स काय, इथपासून प्रश्न येतील. पहिल्या व्हर्जनमध्ये हा भाग वगळावा, नुसता टाइप केलेला मजकूर घ्यावा. तिथेही एक खोच आहे: कर्नाटकात ‘नुडी’ या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या पद्धतीने टाइप केलेला पुष्कळ मजकूर फिरतो. तो युनिकोड नाही, त्यावर ८९६ची वजाबाकी चालत नाही. वर्णनात हे आधीच सांगून टाकलं की निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

लागणारं प्रत्येक पॅकेज डेबियनमध्ये आधीपासून असलं पाहिजे. एखादं नसेल तर आधी ते आणायचं, मग आपलं. हौसेने वीस लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) जोडलेल्यांना इथे घाम फुटतो. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएमवरून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बिल्डं कोसळली. पाच ओळींच्या कामासाठी लायब्ररी जोडू नये, ती आपणच लिहावी.

मग डेबियनसाठी सोर्समध्ये एक वेगळा फोल्डर तयार करतात. त्यात ‘कंट्रोल’ फाईलमध्ये नाव, वर्णन आणि काय काय लागतं, ‘चेंजलॉग’मध्ये व्हर्जनचा हिशेब, ‘कॉपीराइट’मध्ये कुठली फाईल कुणाची, कुठल्या लायसन्सखाली, ‘रूल्स’मध्ये बिल्ड कसं करायचं. सरळसाध्या पायथन प्रोग्रामला ‘रूल्स’ तीन-चार ओळींचा होतो. ‘कॉपीराइट’ला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा. शेवटी ‘लिंटियन’ नावाचा तपासनीस प्रोग्राम चालवायचा. तो स्पेलिंगपासून हरवलेल्या मॅन्युअल पानापर्यंत सगळ्यावर बोट ठेवतो.

अर्ज, जामीन, रांग

कागद तयार झाले की आधी इरादा जाहीर करायचा. डेबियनच्या बग नोंदणीत ‘हे पॅकेज मी बनवतो आहे’ अशी नोंद करतात. तिला ‘आयटीपी’ म्हणतात. एकाच गोष्टीवर दोघांनी मेहनत घालू नये हा हेतू. नोंदीला क्रमांक मिळतो, आणि आपल्या पहिल्या चेंजलॉगमध्ये ‘या क्रमांकाची नोंद यातून मिटली’ असं लिहायचं असतं.

नव्या माणसाला डेबियनमध्ये थेट अपलोड करता येत नाही. तो अधिकार डेबियन डेव्हलपरांकडे असतो. त्यांच्यापैकी कुणीतरी आपलं पॅकेज तपासून, स्वतःच्या सहीने चढवायचं. त्याला स्पॉन्सर म्हणतात. ‘मेंटर्स’ या जागी पॅकेज ठेवायचं आणि स्पॉन्सरसाठी विनंती नोंदवायची. ही सगळी स्वयंसेवक माणसं आहेत. महिनाभर कुणी बघितलं नाही तर तो अपमान समजू नये. पायथनच्या पॅकेजांसाठी डेबियनची वेगळी टीम आहे. त्या टीममधून आलात तर बघणारे डोळे जास्त मिळतात. २०२३ ची डेबकॉन्फ ही वार्षिक परिषद कोचीला झाली, म्हणजे आपल्या देशातही या कामातली माणसं आहेत आणि ती मदत करतात.

स्पॉन्सरची भाषा कोरडी असते. “अमुक फाईलचा कॉपीराइट कुणाचा?” एवढाच प्रश्न, नमस्कार नाही, चमत्कार नाही. आपल्याकडची मुलं एकतर घाबरतात नाहीतर ‘आदरणीय महोदय’पासून सुरू करून अर्धं पान लिहितात. दोन्ही नको. “माझा, फाईलच्या सुरुवातीला नोंद घातली, नवं व्हर्जन चढवलंय,” एवढं उत्तर पुरतं. आणि पटत नसेल तर कारण देऊन नाही म्हणावं, तेही चालतं.

स्पॉन्सरने चढवलं की पॅकेज ‘न्यू’ नावाच्या रांगेत जाऊन बसतं. डेबियनच्या संग्रहात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक पॅकेजला ही रांग चुकत नाही. इथे डेबियनची एक टीम पुन्हा लायसन्स आणि नावं तपासते. कधी थोडक्या दिवसांत सुटका होते, कधी महिने जातात. नकार आला तर कारण लिहून येतो, दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं.

एक बारकावा सांगतो, यात बरेच नवखे गोंधळतात. ‘न्यू’ रांगेसाठी तयार बायनरीसकट (सोर्समधून बनलेल्या, बसवता येणाऱ्या फाईलीसकट) अपलोड करावं लागतं, पण पुढे ‘टेस्टिंग’ शाखेत, म्हणजे जिथे पुढच्या स्थिर व्हर्जनची तयारी चालते तिथे, फक्त डेबियनच्याच यंत्रांवर बनलेल्या बायनरी जातात. म्हणून रांगेतून सुटल्यावर नुसत्या सोर्सचं आणखी एक अपलोड करावं लागतं. ते केलं नाही तर पॅकेज ‘अनस्टेबल’ या पहिल्या शाखेतच बसून राहतं आणि आपण वाट बघत राहतो. ते केलं, कुणी गंभीर बग नोंदवला नाही, तर साधारण पाच-दहा दिवसांत ते आपोआप ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. पुढचं स्थिर व्हर्जन साधारण दोन वर्षांनी निघतं. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. स्थिर व्हर्जनच्या आधी काही महिने नवीन पॅकेजांना दार बंद होतं. तो मुहूर्त हुकला की सरळ पुढच्या फेरीला.

एवढा सोपस्कार कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मार्च २०२४ मध्ये उघड झालेलं ‘एक्सझेड’चं प्रकरण आठवा. फाईली लहान करणारी ही साधी, सगळीकडे असलेली लायब्ररी. बराच काळ मदत करून विश्वास मिळवलेल्या एका सहकाऱ्याने तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत चोरदार बसवलं. त्यातला कळीचा तुकडा गिटमधल्या सोर्समध्ये नव्हता, फक्त प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात (लोकांना उतरवायला दिलेल्या एकत्र बांधलेल्या फाईलीत) होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावताना ते सापडलं. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत ते पोचलं होतं, स्थिर व्हर्जनमध्ये शिरायच्या आत पकडलं गेलं. म्हणजे तपासणीच्या चाळणीतूनही गोष्टी निसटतात; पण दोन वर्षांनी निघणाऱ्या स्थिर व्हर्जनचा संथपणा तेव्हा कामी आला. ‘तुमचं गाठोडं आणि गिटमधला टॅग (व्हर्जनवर लावलेली खूण) तंतोतंत जुळतात का?’ हा प्रश्न तपासणारा विचारतो त्यामागे हा इतिहास आहे.

आणि मोबाईल?

खानापूर तालुक्यातल्या खेड्यात लॅपटॉप किती आणि अँड्रॉइड फोन किती, हे सांगायला नको. ‘लिपीफेर’चं अॅप केलं तर एफ-ड्रॉइड ही २०१० पासून चालणारी मुक्त अॅपांची यादी योग्य. तिथे तयार अॅप देत नाहीत. आपण आपल्या सोर्सचा पत्ता आणि बिल्डची कृती लिहिलेली एक छोटी फाईल त्यांच्या भांडारात विनंती म्हणून पाठवायची. बिल्ड ते स्वतःच्या सर्व्हरवर करतात आणि सामान्यतः सहीही त्यांचीच. गूगलच्या बंद लायब्रऱ्या अॅपमध्ये असतील, उदाहरणार्थ फायरबेस, तर ते घेत नाहीत. अॅप वापरणाऱ्यावर पाळत ठेवत असेल, जाहिराती दाखवत असेल, तर अॅपच्या पानावर तसा शिक्का मारतात. पुढच्या व्हर्जनसाठी पुन्हा अर्ज लागत नाही. गिटमध्ये नवा टॅग लावला की त्यांची यंत्रणा तो ओळखते. थोडक्यात वर्णन ८० अक्षरांत बसवायचं असतं आणि ते मराठीतही देता येतं. द्याच.

यादीत आल्यावर

लोक यादीत नाव आलं की पेढे वाटतात. वाटावेत, बेळगावात असाल तर कुंदा. पण डेबियनच्या दृष्टीने खरं काम तिथून सुरू होतं. पायथनचं नवं व्हर्जन येतं, जुनी फंक्शनं जातात, पॅकेज तुटतं. कुणीतरी गंभीर बग नोंदवतो. ठरावीक मुदतीत तो सोडवला नाही तर पॅकेज ‘टेस्टिंग’मधून आपोआप काढलं जातं. स्पॉन्सर पॅकेज घेताना मनात हेच तोलत असतो: कोड बरा आहे, पण ही मुलगी पुढच्या वर्षी असेल का?

ती पुढच्या वर्षी पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरीला असणार, हे उघड आहे. म्हणून पॅकेज पहिल्या दिवसापासून टीमच्या नावावर ठेवावं. मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) म्हणून टीम, आणि आपलं नाव अपलोडरांच्या ओळीत. जमेनासं झालं तर गप्प बसू नये. डेबियनमध्ये पॅकेज ‘अनाथ’ जाहीर करण्याची सरळ नोंद असते, ती केली की दुसऱ्या कुणाला ते दत्तक घेता येतं. त्याहून बरं म्हणजे कॉलेजातच वारस शोधणं. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टला विषय शोधत फिरतात. त्यांना नवा प्रोग्राम लिहायला लावण्याऐवजी ‘लिपीफेर’चे उघडे बग द्यावेत, आणि ज्या ज्युनिअरने त्यातला एक तरी बग स्वतः सोडवून दाखवला, तिचं नाव त्या अपलोडरांच्या ओळीत घालावं. नुसतं “मला आवड आहे” म्हणणाऱ्याचं नाही.